सव्वा गोवा समुद्रात गेला: एका बायूच्या काठावरून लुईझियाना समजून घेताना

जुलै 2025मध्ये अमेरिकेतल्या लुईझियाना राज्याने जवळपास 3 अब्ज डॉलरचा एक प्रकल्प गुंडाळला. मिसिसिपी नदीच्या बांधाला दरवाजे बसवायचे आणि तिचं गढूळ पाणी शेजारच्या खचत चाललेल्या दलदलीत सोडायचं, असा बेत होता. गाळ खाली बसेल आणि जमीन वर येईल. ऑगस्ट 2023मध्ये कुदळ मारून झाली होती, पन्नास कोटींहून जास्त डॉलर खर्चही झाले होते. तरी काम थांबलं, आणि किनाऱ्यावरच्या बऱ्याच मच्छीमारांनी सुटकेचा निःश्वास टाकला.

बाहेरच्या माणसाला यात काही टोटल लागत नाही. 1932 ते 2016 या काळात या राज्याची सुमारे 4,833 चौरस किलोमीटर किनारी जमीन पाण्याखाली गेली. अख्ख्या गोव्याचं क्षेत्रफळ 3,702 चौरस किलोमीटर आहे. म्हणजे सव्वा गोव्याहून जास्त. ज्याच्या पायाखालची जमीन अशी सरकते आहे, त्याने जमीन बनवणाऱ्या प्रकल्पाला नको का म्हणावं?

याचं उत्तर शोधायला अख्खं राज्य पालथं घालायची गरज नाही. बायू लाफूर्श नावाचा एक संथ, देखणा पाणवठा आहे. 170 किलोमीटर लांब. त्याच्या वरच्या टोकाकडून खालच्या टोकाकडे निघालं की बहुतेक सगळा उलगडा होतो.

बायू म्हणजे नदी, खाडी की नाला?

यातलं धड काहीच नाही. चॉक्टॉ या मूळनिवासी लोकांचा ‘बायुक’ असा शब्द होता, फ्रेंचांनी तो उचलला आणि त्याचा बायू झाला. सपाट मुलखातलं, वाहतंय की उभं आहे ते चटकन न कळणारं पाणी म्हणजे बायू. आपल्या खाडीत भरती-ओहोटी ठरलेली असते आणि ओढ्याला उतार असतो. बायूला उतार जवळजवळ नसतोच. दक्षिणेचा वारा जोरात लागला तर समुद्राजवळच्या बायूचं पाणी उलटंही चालू लागतं.

चित्रांत दिसतं ते खरंच असतं: पाण्यात पाय रोवून उभी सायप्रसची झाडं, फांद्यांवरून लोंबणारं करडं शेवाळासारखं ‘स्पॅनिश मॉस’, ओंडक्यावर पहुडलेली ॲलिगेटर जातीची मगर. ‘लाफूर्श’ म्हणजे फ्रेंचमध्ये फाटा. स्थानिक माणूस तो शब्द ‘लफूश’ असा अर्धा गिळून बोलतो. मिसिसिपीला डोनाल्डसनव्हिल गावापाशी जो फाटा फुटला होता, तो हा. हे छोटं गाव 1830च्या सुमारास वर्षभरासाठी लुईझियानाची राजधानीही होतं. मग आमदार मंडळी न्यू ऑर्लिन्सला परत गेली.

जमीन सारवणारी नदी

अंगणात रबरी पाइप नळाला लावून जमिनीवर सोडून द्या. जोर असला तर पाइप एका जागी राहत नाही, डावीकडे-उजवीकडे फटकारत जातो. मिसिसिपीचं शेवटचं टोक असंच वागत आलं आहे, फक्त एका फटकाऱ्याला तिला हजारेक वर्षं लागतात. एका वाटेने गाळ टाकत टाकत ती पुढे जाते, वाट लांबते, उतार कमी होतो, मग कुठल्या तरी पुरात ती जवळची दुसरी वाट धरते. सुमारे हजार वर्षांपूर्वी तिचं बरंचसं पाणी आजच्या बायू लाफूर्शमधून जात होतं. या भागातली जमीन नदीने तेव्हा आणून टाकलेला चिखल आहे.

ताजा चिखल बसतो. नव्या घराच्या जोत्यात घातलेला भराव पहिल्या पावसात खाली जातो आणि मग फरशी पोकळ वाजते, हे ज्याने घर बांधलं त्याला माहीत असतं. नदीमुखाची जमीन तशीच स्वतःच्या वजनाने सतत दबत असते. पूर्वी याने काही बिघडत नव्हतं, कारण दरसालच्या पुरात नदी काठाबाहेर यायची आणि गाळाचा पातळ थर पसरून जायची. मातीच्या घरात भुईला सारवण घालतात तसं. भुई झिजते, आपण सारवतो, घर टिकतं.

पुराचं पाणी काठावरून सांडताना जड वाळू लगेच खाली टाकतं आणि बारीक माती लांब नेतं. त्यामुळे इथे सगळ्यात उंच जागा असते पाण्याच्या अगदी कडेला. मागे सरकावं तसा उतार, मग ओल, मग दलदल. आपल्याकडे नदीपासून लांब जावं तसं चढत जातो, इथे उलटं.

प्रत्येक भावाला काठ हवा

कोरडी जमीन काठालाच असल्यामुळे वस्तीही काठालाच झाली. 1755पासून इंग्रजांनी कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावरच्या फ्रेंच शेतकऱ्यांना हुसकून लावलं. त्या विस्थापितांपैकी सुमारे 1,600 लोक 1785मध्ये सात जहाजांतून फ्रान्सहून लुईझियानाला आले आणि त्यातले कितीतरी जण या बायूच्या काठावर राहिले. त्यांच्या वंशजांना केजन म्हणतात.

या राज्याच्या कायद्यावर फ्रेंच-स्पॅनिश वळणाचा मोठा ठसा आहे, आणि वारसांना सारखा वाटा ही त्यातली जुनी रीत. वाटणी झाली की प्रत्येक भावाला बायूचा काठ हवा, कारण बाजार, चर्च, नातेवाईक सगळं होडीने. मग जमिनीचे तुकडे उभे पडत गेले. तोंडाशी अरुंद, मागे लांबच लांब, दलदलीपर्यंत. नकाशा उघडून पाहा, बायूच्या दोन्ही अंगांना कंगव्याचे दात लागल्यासारखी शेतं दिसतात. भावकीच्या वाटण्या पाहिलेल्या कुणालाही ती आकृती ओळखीची वाटेल. घरं एकाला एक लागून किलोमीटरच्या किलोमीटर, म्हणून या बायूकाठच्या रस्त्याला ‘जगातला सगळ्यात लांब मुख्य रस्ता’ म्हणायची तिथे पद्धत आहे.

पुढे काठावर ऊस आला आणि त्याबरोबर मोठे मळेवाले. नोव्हेंबर 1887मध्ये, ऐन तोडणीच्या हंगामात, हजारो मजुरांनी संप केला. त्यातले बहुतेक कृष्णवर्णीय होते. मागणी काय, तर मजुरी वाढवा, दर पंधरवड्याला द्या आणि मळ्यातल्याच दुकानात चालणाऱ्या चिठ्ठ्यांऐवजी रोख द्या. बायूकाठच्या टिबोडो गावात त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. नक्की किती मेले याची मोजदाद कुणी केली नाही. अंदाज तीसपासून पुढेच सुरू होतात.

1904चा ‘तात्पुरता’ बांध

जी नदी जमीन सारवते तीच घरात शिरते. काठच्या लोकांनी दोन्ही बाजूंना मातीचे बांध घातले. त्यांना तिथे लेव्ही म्हणतात. पण ते फुटायचे. शेवटी 1904मध्ये डोनाल्डसनव्हिलला, फाटा जिथे सुरू होतो तिथेच, आडवा बांध घालून बायूचं तोंड बंद केलं. पुढे तिथे जहाजांसाठी पाणदरवाजा करायचा, तोवरची ही तात्पुरती सोय, असं ठरलं होतं. तो दरवाजा कधी झालाच नाही. तात्पुरत्या सोयीचं आयुष्य किती असतं ते सरकारी कचेऱ्यांच्या आवारातल्या पत्र्याच्या शेड पाहून आपल्याला ठाऊक आहेच.

पुराची भीती गेली. पण पाणी साचलं, तळ भरत आला, आणि जलपर्णी माजली. पुणेकरांना मुळा-मुठेवर दिसते तीच ही जांभळ्या फुलांची बया. तिने लुईझियानातले पाणमार्ग इतके तुंबवले होते की 1910मध्ये तिथल्या रॉबर्ट ब्रुसार्ड नावाच्या खासदाराने आफ्रिकेतून पाणघोडे आणण्याचं विधेयक थेट अमेरिकन संसदेत मांडलं. पाणघोडे जलपर्णी खातील आणि लोक पाणघोडे खातील. विधेयक पास झालं नाही, हे त्या बायूचं नशीब.

मग गोड्या पाण्याची ओरड सुरू झाली आणि 1955मध्ये बांधाशी पंप बसले. नदीचं पाणी उचलून बायूत सोडायला लागले. ज्या फाट्यातून नदी आपणहून वाहत होती, तिथे आज ती पंपाने चालते.

पाणी तर मिळतंय, मग बिघडलं कुठे?

गाळात. पावसाळ्याच्या बातम्यांत रोज ऐकू येणारा क्युसेक इथे कामाला येईल: सेकंदाला एक घनफूट, म्हणजे साधारण 28 लिटर. न्यू ऑर्लिन्सपाशी मिसिसिपीतून सरासरी सहा लाख क्युसेक पाणी जातं. बायू लाफूर्शला पंपाने मिळत आलं ते जेमतेम 500 क्युसेक. ते 1,500वर नेण्याचं काम हाती घेतलं आहे. एवढ्यात नळाला पाणी येतं, मासे जगतात, पण भुईला सारवण पडत नाही.

आणि हे एकट्या लाफूर्शचं झालं नाही. 1927च्या महापुरानंतर केंद्र सरकारने मिसिसिपीचे बांध उंच, मजबूत आणि सलग करून टाकले. नदी आता पन्हळीत घातल्यासारखी सरळ खोल समुद्रात जाते आणि आपली माती तिथे ओतते. काठामागची जमीन दबत राहिली. वरून काही येईना.

तेलवाल्यांचा यात किती हात?

बराच. 1930च्या दशकात बायूच्या खालच्या भागात तेल लागलं. दलदलीत रस्ता होत नाही, म्हणून यंत्रं न्यायला सरळ रेषेत कालवे खणले. पुढच्या काही दशकांत किनाऱ्यावर असे हजारो किलोमीटरचे कालवे झाले.

नैसर्गिक बायू नागमोडी असतो. भरतीचं खारं पाणी त्यातून आत यायला वेळ लागतो, तोवर ओहोटी लागते. सरळ कालव्यातून तेच पाणी मैलोगणती आत घुसतं. गोव्यातल्या खाजण शेतीत बांधातली ‘मानस’, म्हणजे पाणी अडवणारी झडप, नीट लागली नाही तर भाताचं काय होतं ते कुणाही शेतकऱ्याला विचारा. कोकणातही उधाणाने बांध फोडला की ती खार पुढचे दोन-तीन पावसाळे धुऊन निघत नाही. लुईझियानात भाताच्या जागी दलदलीतलं गवत होतं. ते गवत मेलं, त्याच्या मुळांनी धरून ठेवलेला चिखल सुटला आणि लाटांनी नेला. कालव्याचे काठ ढासळून कालवा रुंद झाला, त्यातून आणखी खारं पाणी आत आलं. एप्रिल 2025मध्ये तिथल्या एका ज्यूरीने अशाच नुकसानीसाठी शेव्हरॉन कंपनीने सुमारे 74 कोटी डॉलर द्यावेत, असा निकाल दिला. कोर्टकचेरी अर्थातच तिथे संपली नाही.

पण ‘तेलवाले विरुद्ध गाववाले’ अशी कथा तिथे कुणी ऐकून घेणार नाही. एकाच घरात एक भाऊ कोळंबीच्या बोटीवर असतो, दुसरा समुद्रातल्या तेलाच्या फलाटावर. जवळच्या मॉर्गन सिटी गावात दरवर्षी जत्रा भरते, तिचं नावच ‘कोळंबी आणि पेट्रोलियम महोत्सव’ असं आहे. मला ते नाव वाचून आधी हसू आलं होतं. आता वाटतं, या मुलखाचं इतकं खरं नाव दुसरं सापडणार नाही.

समुद्रच वर येतोय ना? मग बांधाला बोल कशाला?

समुद्र वर येतोय हे खरंच, आणि यापुढे त्याचा वाटा वाढत जाणार. पण जमीन जाण्याचा वेग 1970च्या दशकात सर्वांत जास्त होता. अलीकडे तो मंदावला आहे, तरी दर 100 मिनिटांना एक फुटबॉलचं मैदान इतका भरतो. नुसतं समुद्राचं चढणं याचा खुलासा करू शकत नाही. बादली भरते आहे आणि बादलीतला चिखल खाली बसतो आहे, दोन्ही एकदम चाललंय.

माती मिळाली तर काय होतं याचा पुरावाही शेजारीच आहे. 1940च्या दशकात मॉर्गन सिटीचा पूर कमी करायला वॅक्स लेक नावाच्या तळ्यातून एक वाट समुद्राकडे काढून दिली. जमीन करायचा कुणाचा विचारही नव्हता. 1973च्या मोठ्या पुरानंतर तिच्या तोंडाशी बेटं डोकं वर काढू लागली. आज तिथे झाडी आहे, आणि बाकी किनारा झिजत असताना तो कोपरा वाढतो आहे.

मग दरवाजे उघडायचे होते की!

रद्द झालेला प्रकल्प म्हणजे वॅक्स लेकचीच मुद्दाम केलेली नक्कल. मिसिसिपी आणि बायू लाफूर्श यांच्या मधल्या बाराटारिया खोऱ्यात 75,000 क्युसेकपर्यंत पाणी सोडायचं. पैसा 2010च्या मेक्सिको आखातातल्या तेलगळतीच्या भरपाईतून येणार होता.

अडचण अशी की शंभर वर्षांत ते खोरं खारं झालं आहे, आणि त्या खारेपणावर माणसांनी संसार मांडले आहेत. कालवं, म्हणजे ऑयस्टर, एका जागी चिकटलेली असतात. गोडं पाणी आलं म्हणून उठून जाता येत नाही. मच्छीमार उगाच घाबरत नव्हते. 2019च्या पुरात न्यू ऑर्लिन्सच्या वरचे सांडवे एकूण सुमारे चार महिने उघडे राहिले आणि शेजारच्या मिसिसिपी राज्यातली कालवं मोठ्या प्रमाणावर मेली. वर हिशेब असा, की पन्नास वर्षांत प्रकल्पाने जमीन मिळणार ती पन्नासएक चौरस किलोमीटर. गव्हर्नर जेफ लँड्री यांनी खर्च आणि मासेमारी ही दोन कारणं पुढे केली. आता लहान वळणवाट आणि गाळ उपसून टाकणं, यावर भर देऊ असं राज्य म्हणतंय.

मला हा निर्णय चुकीचा वाटतो. उपसून टाकलेला गाळ म्हणजे पुन्हा भरावच, तो पुन्हा बसणार, पुन्हा ओतावा लागणार. पण हे मी माझ्या कोरड्या खुर्चीत बसून म्हणतो आहे. ज्याचं कालवांचं शेत पुढच्या पाच वर्षांत मरणार, त्याला नातवाच्या काळात वर येणाऱ्या जमिनीचं काय सांगणार?

किनाऱ्यावरच्या चार गावांसाठी राज्याने किती ओतायचं?

हा प्रश्न लुईझियानाच्या उत्तरेतही विचारला जातो. त्याचं उत्तर बायूच्या पाण्यातच आहे. सुमारे तीन लाख लोक याच पाण्यावर पितात-धुतात. बायू जिथे समुद्राला मिळतो तिथे पोर्ट फुशॉन हे बंदर आहे. आखातातल्या खोल समुद्रात तेल काढणाऱ्या फलाटांपैकी नव्वद टक्क्यांहून जास्त फलाटांची रसद इथून जाते. तिथून जवळच समुद्रात, किनाऱ्यापासून तीसेक किलोमीटरवर, अजस्र तेलवाहू जहाजं रिकामी करण्याचा तळ आहे. तिथलं तेल नळांतून बायूजवळच्या क्लोव्हली इथे जमिनीखालच्या मिठाच्या पोकळ्यांत साठवतात. आणि या बंदराला जाणारा रस्ता एकच, बायूच्या काठाचा, दोन पदरी. लीव्हिलजवळ तो पाण्याखाली जायला लागला, म्हणून 2009मध्ये उंच खांबांवर पूल बांधला आणि टोल बसवला.

29 ऑगस्ट 2021ला ‘आयडा’ वादळ नेमकं पोर्ट फुशॉनवर येऊन आदळलं, वाऱ्याचा वेग ताशी 240 किलोमीटर. घरांची छपरं उडाली, वीज कित्येक आठवडे नव्हती. पण लारोज ते गोल्डन मेडो या पट्ट्याभोवतीचा गोल बांध टिकला, आत पूर शिरला नाही. तो बांध उंच करायला लोकांनी स्वतःवर विक्रीकर लावून घेतला होता. म्हणजे बांध वाईट, असं म्हणून मोकळं होता येत नाही. आतली माणसं त्याच्यामुळे वाचली, आणि त्याच्यामुळेच आतल्या जमिनीला गाळ मिळत नाही.

उठून दुसरीकडे का जात नाहीत?

काही गेले. बायू लाफूर्शच्या पश्चिमेला ईल द झाँ शार्ल नावाचं मूळनिवासींचं बेट आहे. 1955पासून त्याची 98 टक्के जमीन गेली. 2016मध्ये केंद्राने 4.83 कोटी डॉलर दिले आणि 2022मध्ये घरं उत्तरेला नव्या वसाहतीत हलली. त्यावरूनही वाद झाले, कारण पुनर्वसन जमातीचं, पण सूत्रं राज्याच्या हातात. आपल्याकडच्या धरणग्रस्तांना यात नवं काही वाटणार नाही.

जे गेले नाहीत त्यांच्याकडे सोडण्यासारखं घराखेरीजही काही आहे. 1921च्या राज्यघटनेने शाळांत इंग्रजीच ठेवली. फ्रेंच बोललं की मुलांना शिक्षा व्हायची. भाषा उरली ती काठावर, बोटींवर, आजी-आजोबांच्या तोंडी. ती वाचवायला राज्याने 1968मध्ये स्वतंत्र संस्था काढली. पण एकमेकांना लागून असलेली ती घरं विखुरली, तर कुणी कुणाशी बोलायचं?

आणि कोळंबी

हंगामाआधी बायूकाठी पाद्री बोटींवर पवित्र पाणी शिंपडतात. आपल्या नारळी पौर्णिमेची आठवण यावी असा सोहळा, बोटींना पताका, नटूनथटून आलेली बायका-मुलं. बोटींची संख्या मात्र घटत चालली आहे. जमीन आणि वादळं ही कारणं आहेतच, पण तिथल्या मच्छीमाराला विचारलं तर तो आधी भावाबद्दल बोलतो. अमेरिकेत खाल्ली जाणारी नव्वद टक्क्यांहून जास्त कोळंबी बाहेरून येते, आणि तिचा सगळ्यात मोठा पुरवठादार भारत आहे. मुख्यतः आंध्रातल्या तळ्यांतली. 2025मध्ये अमेरिकेने भारतीय मालावर 50 टक्के आयातशुल्क लावलं तेव्हा आंध्रात हाय खाल्ली गेली. लुईझियानाच्या धक्क्यांवरचे लोक कित्येक वर्षांपासून नेमकं असंच काही मागत होते.

तिथल्या राज्याने आता हॉटेलांना सक्ती केली आहे, की कोळंबी परदेशातली असेल तर तसं गिऱ्हाइकाला लिहून सांगायचं. म्हणजे बायूच्या काठावर, सायप्रसच्या सावलीत टेबल मांडलेलं असतं, समोर केजन मसाल्यात परतलेली कोळंबी येते, आणि ताटातली ही कोळंबी शेजारच्या पाण्यातली नाही, ते मेन्यूकार्डावर लिहिलेलं असतं.